एसयू कार्बुरेटरांची जोडी

एम्‌जीए या इंग्रजी स्पोर्ट्‌स मोटारीवर सविस्तर लेख लिहावा, अशी संपादकांची सूचना घेऊन मी बर्मिंगहॅमजवळच्या एका लहानशा कर्मशाळेत गेलो, तेव्हा त्या गाडीचा अधिकृत इतिहास माझ्या टिपणवहीत अगोदरच उतरलेला होता. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात अशा एक लाखाहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांतल्या फार थोड्या इंग्लंडात राहिल्या आणि बहुतेक परदेशी, मुख्यत्वे अमेरिकेत, रवाना झाल्या. पहिल्या गाड्यांचे एंजिन १४८९ घन सेंटिमीटरचे होते, पुढच्यांचे १५८८ आणि अखेरच्यांचे १६२२. कर्मशाळेच्या मध्यभागी उभ्या असलेल्या तांबड्या गाडीचा डौल नजरेत भरणारा होता खरा. परंतु शेजारच्या बाकावर स्वच्छ फडक्यावर मांडून ठेवलेले तिचे दोन एसयू कार्बुरेटर दिसले आणि माझे लक्ष गाडीवरून उडाले ते उडालेच. त्यामुळे हा लेख गाडीचा न राहता त्या जोडीचा झाला आहे.

मराठी वाचकाला हे यंत्र सर्वस्वी परके नाही. कलेक्टर कचेरीच्या आवारात अनेक दशके ज्या ॲम्बॅसडर गाड्या उभ्या असत, त्यांचे १४८९ घन सेंटिमीटरचे एंजिन एम्‌जीएच्या एंजिनाच्याच बी-मालिकेतले, आणि त्यावर बसणारा कार्बुरेटरही याच एसयू घराण्यातला. फरक इतकाच की ॲम्बॅसडरवर तो एकटा असे आणि एम्‌जीएवर त्याची जोडी असते. आणि पुढे दिसून येईल की सगळी अडचण या जोडीपणातच आहे.

या घराण्याचा मूळ पुरुष जॉर्ज हर्बर्ट स्किनर हा लंडनच्या एका नामांकित पादत्राण-व्यापारी कुटुंबातला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने हे यंत्र कल्पिले, १९१० मध्ये भाऊ टॉमस कार्लाइल याच्या साहाय्याने एस. यू. कंपनी रीतसर स्थापन केली, आणि १९२६ मध्ये ती मोटार-उद्योगपती विल्यम मॉरिस याच्या मालकीची झाली. स्किनरच्या आरंभीच्या यंत्रात आज पिस्टन आहे त्या जागी चामड्याचा भाता असे. कंपनीच्या दप्तरातला बाकीचा मजकूर मी भराभर चाळून बाजूस ठेवला, कारण भात्याची जागा पिस्टनने घेतली तरी मूळ कल्पना ढळली नाही, आणि त्या कल्पनेतच या यंत्राचे सारे सौंदर्य साठलेले आहे.

वेबर किंवा सोलेक्ससारख्या कार्बुरेटरात हवेचा मार्ग ठरीव रुंदीचा असतो. त्यामुळे एंजिन मंद चालताना एक छिद्र, वेगाने चालताना दुसरे, आणि पायाने एकदम दाब दिला की पेट्रोलची चिळकांडी उडविणारा तिसराच पंप, अशी कामाची वाटणी करावी लागते. स्किनरने हा सारा कारभार पेट्रोल सोडणाऱ्या एकाच जेटवर सोपविला. हवेच्या आडव्या मार्गावर त्याने एक पिस्टन असा ठेवला की एंजिनाची ओढ वाढताच त्याच्या डोक्यावरच्या घुमटाकार कोठीत निर्वात वाढावा, पिस्टन स्वतःचे वजन आणि वरच्या हलक्या स्प्रिंगचा दाब झेलीत उचलला जावा, आणि हवेचा मार्ग तेवढाच रुंद व्हावा. अशा रीतीने हवा थोडी असो वा पुष्कळ, जेटवरून ती जवळजवळ एकाच वेगाने वाहते. पिस्टनच्या तळाशी बसविलेली पितळी सुई त्या जेटमध्ये उतरते. जेटचे छिद्र ०.०९० इंचाचे, आणि सुई टोकाकडे निमुळती. पिस्टन जितका वर जाईल तितकी सुई बाहेर येते आणि तिच्याभोवतीची वर्तुळाकार फट वाढून पेट्रोल अधिक सुटते. गाडी चौकात उभी राहून धपापत असो की घाट चढत असो, तिच्या पेट्रोलचा संपूर्ण जमाखर्च त्या सुईच्या उतारात लिहिलेला असतो. पिस्टनच्या मध्यदांड्यात थोडे पातळ तेल असते. थ्रॉटल एकदम उघडला तर ते पिस्टनला क्षणभर रोखून धरते, आणि तेवढ्या क्षणापुरते मिश्रण आपोआप दाट होते. इतक्या अल्प अवयवांत इतके कार्य साधणारे यंत्र माझ्या पाहण्यात क्वचितच आले असेल.

बाकाजवळ बसलेले वृद्ध कारागीर अबोल होते, आणि बोलले तरी हातातले काम न थांबवता. गाडीच्या नव्या मालकाने ही जोडी मूळचीच आहे असे लेखी कळविले होते. कारागिरांनी तो कागद खिळ्याला अडकविला आणि दोन्ही कार्बुरेटर उलगडून चौकशीला आरंभ केला. प्रथम त्यांनी थ्रॉटलच्या जागी मार्गाचा व्यास मोजला. एसयूच्या नामकरणाचा शिरस्ता सुबोध आहे: अक्षरापुढचा अंक म्हणजे एका इंचावर किती अष्टमांश, तेव्हा एच४ म्हणजे दीड इंच, एच६ म्हणजे पावणेदोन, आणि एचडी८ म्हणजे पुरे दोन इंच, जो जग्वार ई-टाइपवर तिहेरी संख्येने बसे. या जोडीचा व्यास दीड इंच भरला. पेट्रोल फ्लोटच्या पात्रातून जेटपर्यंत नायलॉनच्या नळीने नव्हे, तर ओतीव भुजेतून येत होते. म्हणजे हे नंतरच्या एम्‌जीबी गाडीवरचे एचएस४ नव्हेत, अस्सल एच४ आहेत, एवढे निश्चित झाले.

यापुढचा मामला मात्र नाजूक होता. अंगावर ओतलेला आकडा पाहून पुष्कळ लोक त्यालाच कार्बुरेटराचा क्रमांक समजतात. वास्तविक तो केवळ त्या ओतकामाचा क्रमांक असतो आणि तेच अंग अनेक निरनिराळ्या गाड्यांसाठी वापरले जाई. खरा दाखला म्हणजे फ्लोट-पात्राच्या झाकणाच्या नटाखाली अडकविलेली छोटी पट्टी. तिच्यावरच्या क्रमांकावरून गाडी, सुई, स्प्रिंग, जेट असा सारा तपशील कारखान्याच्या तक्त्यांत सापडतो. परंतु झाकण उघडणाऱ्या मेकॅनिकला ती पट्टी निरुपयोगी वाटते, आणि गाडीच्या आयुष्यात झाकण अनेकदा उघडले जाते. इथेही पुढच्या कार्बुरेटराची पट्टी शाबूत होती, मागच्याची नाहीशी झालेली.

मग सुया निघाल्या. सुईच्या जाड भागावर तिचे नाव ठोकलेले असते, आणि ते वाचण्यासाठी कारागिरांनी भिंग घेतले. पुढची निघाली जीएस, म्हणजे १४८९ घन सेंटिमीटरच्या एम्‌जीएला कारखान्याने नेमून दिलेली. मागची निघाली ६ क्रमांकाची, जी १५८८च्या गाडीवर बसे. माझ्या डोळ्यांना दोन्ही सुया अगदी एकसारख्या दिसल्या. कारागिरांनी मायक्रोमीटर लावून टोकाकडे दर अष्टमांश इंचावर त्यांचा व्यास घेतला, तेव्हा इंचाच्या सहस्रांशांतला फरक कागदावर उमटू लागला. तरीही निवाडा करण्याची त्यांना घाई नव्हती. सुई एका बारीक स्क्रूने धरलेली असते, ती बदलणे अल्पावधीचे काम आहे. सबब तिची साक्ष गाडीच्या जन्माची नसून शेवटच्या हाताची असू शकते, असे त्यांचे म्हणणे पडले. जिथे दोन स्वतंत्र पुरावे एकाच दिशेला बोट दाखवीत नाहीत, तिथे नोंद कोरी ठेवण्याची त्यांची ही वृत्ती मला कोणत्याही इतिहाससंशोधकाइतकी आदरणीय वाटली.

दुसरा पुरावा पुढे आला तो कोठीच्या परीक्षेतून. पिस्टन आणि त्याची कोठी कारखान्यात परस्परांना जुळवून दिलेली असतात. पिस्टनचा घेर कोठीच्या भिंतीला स्पर्श करीत नाही, केवळ मधल्या दांडीच्या आधाराने तो तोलला जातो, आणि घेराभोवतीची ती सूक्ष्म फट म्हणजेच यंत्राचा प्राण. पिस्टनची छिद्रे बुजवून, जोडी उलटी धरून कोठी सोडली असता ती किती सेकंदांत खाली सरकते, यावरून ती फट कळते. पुढची कोठी सावकाश, निःशब्द उतरली. मागची भरकन घसरली आणि वाटेत एकदा अडखळली. मागच्या कार्बुरेटरात पिस्टन एका घरचा आणि कोठी दुसऱ्या घरची होती. शिवाय कोठीच्या आतल्या बाजूला कोणीतरी घासकागद चालविला होता. कोठी बाहेरून चकाकावी म्हणून तिला पॉलिश करण्याची हौस हल्ली बोकाळली आहे. ती हौस आतपर्यंत पोहोचली की यंत्र कायमचे बिघडते, आणि अशा कित्येक जोड्या केवळ शोभेसाठी नासल्या जात आहेत, याचे मला मनापासून दुःख होते.

दुरुस्तीचे संकट इथूनच सुरू होते. थ्रॉटलची दांडी ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या अंगात थेट फिरते, आणि वर्षानुवर्षांच्या फिरण्याने ती भोके लंबवर्तुळाकार होतात. मग त्या फटीतून चोरवाटेने हवा शिरते आणि एंजिन मंद गतीवर स्थिर राहत नाही, सुई कितीही अचूक निवडा. अंगाला रीमर लावून दोन्ही बाजूंना बुश ठोकणे हा उपाय खरा; पण दोन्ही भोके एका रेषेत आली नाहीत तर दांडी अडकते, आणि तासलेली धातू परत येत नाही. जेटभोवती जुन्या पद्धतीची बुचाची सीले असतात. ती वाळली की पेट्रोल पाझरते. ती नवी बसविल्यावर जेट पुन्हा मध्यावर आणावा लागतो: जेट पुरता वर चढवून, नट सैल ठेवून, पिस्टन दाबून, नट आवळून मग पिस्टन सोडायचा आणि तो खालच्या कड्यावर आपटल्याचा स्वच्छ टक् असा आवाज ऐकायचा. जेट खाली ओढून केलेल्या परीक्षेतही तसाच आवाज आला पाहिजे. मागच्या कार्बुरेटराचा आवाज प्रत्येक वेळी बद्द येत राहिला, आणि कारागीर प्रत्येक वेळी नट सैल करून, एक शब्दही न बोलता, पुन्हा पहिल्यापासून आरंभ करीत राहिले.

यात भर पडली आहे ती इंधनाची. ब्रिटनमध्ये २०२१ पासून पंपांवर दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळू लागले. ते जुन्या रबराला आणि सीलांना घातक आहेच, पण त्यात ऑक्सिजन असल्याने मिश्रणही विरळ होते. म्हणजे जीएस सुई बसविणे इतिहासाला धरून होईल, परंतु आजच्या पेट्रोलवर ती पुरेशी दाट ठरेलच असे नाही. सॉल्सबरी येथील ज्या कंपनीकडे आता एसयूचा वारसा आहे, ती शेकडो प्रकारच्या सुया अजून तयार करते, त्यामुळे किंचित दाट सुई मिळणे कठीण नाही. मात्र ती घालावी की मूळ सुई ठेवून जेटचा नट एखाद-दुसरी बाजू खाली फिरवावा, याबद्दल मालक आणि कारागीर यांचा पत्रव्यवहार चालू होता. नट फिरविल्याने एंजिनाच्या सर्वच गतींवर मिश्रण दाट होते, सुईने हवे तिथेच. कारागिरांचा कल सुईकडे होता.

आणि हे सर्व निभावले तरी जोडीचा प्रश्न उरतोच. एका जुवाला जुंपलेल्या बैलांप्रमाणे दोन्ही कार्बुरेटरांनी सारखाच भार ओढला पाहिजे. दोन पिस्टन दोन चालींनी उचलले गेले, तर चारांपैकी दोन सिलिंडर दाट आणि दोन विरळ मिश्रणावर चालतात, आणि कोणत्याही स्क्रूने ते साधत नाही. परक्या कोठीला घासून-पुसून बसते करण्यास कारागिरांनी साफ नकार दिला. जुनी पण एकमेकांशी जुळलेली कोठी आणि पिस्टन मिळावेत म्हणून त्यांनी ठिकठिकाणच्या परिचितांकडे विचारणा केली आहे. मी निघालो तोवर दोन जोड्या आल्या होत्या, आणि परीक्षेत उतरत नसल्याने दोन्ही परत पाठविण्यासाठी बांधून ठेवल्या होत्या. गाडी उन्हाळ्यापूर्वी रस्त्यावर यावी असा मालकाचा आग्रह आहे. कारागिरांनी तारीख दिलेली नाही.