स्वर्गीय नर्तक
अंगाने बुलबुलाएवढा, पण प्रौढ नराच्या शेपटीतली मधली दोन पिसं फितीसारखी, शरीराहूनही लांब. मादी आणि कोवळे नर तांबूस. वय वाढलं की सगळेच नर पांढरेशुभ्र होतात असं मात्र नाही. कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेल्या वाटीसारख्या घरट्यात नरही अंडी उबवतो, तेव्हा शेपूट बाहेर लोंबत असते. उडते किडे हवेतच टिपतो म्हणून म्हणायचं माशीमार. कूळ मात्र इतर माशीमारांहून वेगळं, मोनार्किडी. मध्य प्रदेशाचा हा राज्यपक्षी. आययूसीएनच्या लाल यादीत ‘किमान चिंता’ गटात आहे. भारतभर पसरलेला असल्याने ते स्वाभाविकच. तरी घरटं दिसलं तर लांबूनच पाहा. फोटोत आड येते म्हणून फांदी छाटू नका. तीच पिलांची सावली असते.