परक्या हातचा बार

मराठीच्या मास्तराने बंदुकीवर लेख लिहिला आहे हे कळले, की आमचे विद्यार्थी हसणार. कर्तरी, कर्मणी, भावे यांपलीकडे मी आयुष्यात कसलाही प्रयोग केलेला नाही, आणि बंदुकीचा चाप तर एकदाही ओढलेला नाही. पण बंदुकीचा वचक मी लहानपणापासून जाणतो. आजोळी, रत्नागिरी जिल्ह्यात, मामांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. डुकरे भातात शिरू लागली, की मामा ओटीवर बसून बार भरीत. आधी दारू, मग काथ्याचा बोळा, त्यावर छर्रे, पुन्हा बोळा. आणि प्रत्येक वेळी गजाने ठासणे. एकदा गड्याने मोठ्या हौसेने बंदूक आधीच भरून ठेवली. मामांनी गज नळीत सोडला, बाहेर किती उरतो ते बोटाने पाहिले, आणि एक शब्दही न बोलता सगळा बार उपसून पुन्हा आपल्या हाताने भरला. आम्ही पोरे बघत होतो. "दुसऱ्याने भरलेला बार आपल्या गालाशी धरायचा नसतो रे," एवढेच ते म्हणाले.

त्या पोरांतला एक, माझा मावसभाऊ, आज वीस वर्षे अमेरिकेत ओहायो राज्यात आहे. नेमबाजीचा त्याला नाद. मागच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो, तेव्हा तळघरात त्याचा काडतुसांचा छोटेखानी कारखानाच पाहिला. तिकडे उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी कोणी टाकून देत नाही. जळलेली केप काढायची, फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ आकारात आणायची, नवी केप बसवायची, दारू तोलून ओतायची आणि वर गोळी दाबायची. झाले काडतूस तयार. १८७०च्या दशकात गव्यांची शिकार करणारे अमेरिकन शिकारी हा उद्योग रात्री शेकोटीशेजारी बसून करीत. आज पैसे वाचावेत म्हणून आणि नेम सुधारावा म्हणून लोक करतात. स्वतःपुरती भरायला तेथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विक्रीचा धंदा करायचा तर लागतो.

मी तेथे असतानाच शेजारची एक म्हातारी बाई एक पेटी घेऊन आली. नवरा त्याच वर्षी वारला होता. त्याने स्वतः भरलेली पन्नास काडतुसे तिने मोठ्या मायेने भावाच्या हातात ठेवली. भावाने आभार मानले, आणि ती गेल्यावर पेटी फळीवर सर्वांत वर ठेवून दिली. मला ते बरे वाटले नाही. शेजारणीने दिवाळीच्या फराळाचा डबा द्यावा आणि आपण झाकणही उघडू नये, तसे ते झाले. मी तसे बोललोही.

"मामांचे आठवते ना?" तो म्हणाला. "पण मामांना गज तरी घालता येत होता. हे तोंड बंद झालेले काडतूस. आत काय आहे, कसे पाहणार?"

मग त्याने समजावले. ती काडतुसे 'अडतीस स्पेशल' जातीची, रिव्हॉल्व्हरची. हे काडतूस निघाले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, काळ्या दारूच्या मापाने. काळी दारू पुष्कळ लागे, म्हणून पुंगळी ऐसपैस. आजची बिनधुराची जलद जळणारी दारू मात्र तीन-साडेतीन ग्रेन पुरते. आपल्या सोनाराच्या मापाने दोन गुंजांहूनही कमी. ती पुंगळीच्या तळाशी कोठेतरी बसते. भरता भरता फोन वाजला, उठून परत आल्यावर त्याच पुंगळीत दुसरे माप पडले, तरी वर गोळी खुशाल बसते. बाहेरून फरक दिसत नाही. उडवल्यावर मात्र रिव्हॉल्व्हरचे चक्र फुटते, आणि ते हातापासून व डोळ्यापासून किती लांब असते हे सांगायला नको.

दारू जास्त पडली तर धोका, हे माझ्यासारख्यालाही कळते. मुळीच न पडली तर? नुसती केप गोळीला ढकलून नळीत मध्येच अडकवून ठेवते. आवाज येतो फुसका. माणसाला वाटते बार फुकट गेला, आणि तो पुन्हा चाप ओढतो. मागची गोळी पुढचीवर आदळते, नळी फुगते, कधी फाटते.

पण मला खरा विचार करायला लावला तो तिसऱ्या प्रकाराने. त्यात चूक कोणाचीच नसते. 'पंचेचाळीस-सत्तर' नावाचे काडतूस १८७३ सालच्या अमेरिकन लष्करी रायफलीसाठी निघाले. तेच काडतूस चालणाऱ्या, पण कितीतरी मजबूत पोलादाच्या रायफली आजही बनतात. असली नवी रायफल असलेला माणूस तिला सोसेल अशी जहाल दारू मोजूनमापून भरतो. त्याच्या हिशेबात एक कणही इकडचा तिकडे नसतो. पुढे ते काडतूस पणजोबांची जुनी रायफल भिंतीवर टांगणाऱ्याच्या हाती पडते. बसते तेही चपखल. एकाने आपल्या बंदुकीसाठी केलेले औषध दुसऱ्याच्या बंदुकीला विष ठरते. बंदुका बनवणारे बहुतेक कारखाने पुस्तिकेत छापूनच टाकतात, की पुन्हा भरलेली काडतुसे वापराल तर आमची हमी संपली.

या भीतीचे एकदा हत्यारही झाले. १९६७ साली व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या एका गुप्त पथकाने शत्रूच्या रायफलींची काडतुसे उघडून त्यांत दारूऐवजी स्फोटक भरले, आणि शत्रूच्याच साठ्यात गुपचूप नेऊन ठेवली. ढिगात एखादेच, म्हणजे शोधून सापडू नये. ते उडवणाऱ्याच्या तोंडाशीच रायफल फुटे. माणसे मारण्यापेक्षा, शिपायाला आपल्याच दारूगोळ्याचा भरवसा वाटू नये, हा डाव मोठा होता. गंमत अशी, की पुढे आपल्याच शिपायांना 'शत्रूची रायफल आणि काडतुसे वापरू नका' म्हणून बजावण्याची पाळी अमेरिकनांवर आली!

रविवारी भावाने ती पेटी खाली काढली. पोकळ डोक्याच्या हातोडीत एकेक काडतूस बसवून ती जमिनीवर आपटायची, की गोळी सुटते. आतली दारू तो तोलून वहीत आकडा लिही. पन्नासच्या पन्नास सारखी भरली. म्हाताऱ्याचा हात सोनाराचा होता. "मग उडवायला काय हरकत होती?" मी विचारले. त्याने तळहातावर ती दारू धरली; करड्या रंगाचा बारीक चुरा. "ही कोणती, ते सांग," तो म्हणाला. पेटीवर पेन्सिलीने लिहिलेले पुसून गेले होते. ती दारू त्याने परसातल्या हिरवळीवर पातळ पसरून टाकली.

संध्याकाळी कुंपणाशी ती बाई भेटली. काडतुसे चांगली होती ना, म्हणून तिने विचारले.

"एकातही चूक नव्हती," भाऊ म्हणाला.

तिचा चेहरा फुलला. नवरा किती नीटनेटका होता, हे ती बराच वेळ सांगत राहिली. रात्री भावाने त्या पन्नास पुंगळ्या स्वच्छ धुऊन फडक्यावर वाळत घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी तराजू पुढे ओढून त्या आपल्या हाताने भरायला बसला.