पुसण्यासाठीही जागा लागते

एखाद्या लहानशा शहरातील करसल्लागाराचे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. तेथील जुना संगणक लवकरच दुसऱ्या कोणाच्या हाती जावयाचा आहे. मागील वर्षांची विवरणपत्रे, अशिलांचे बँकेचे उतारे, त्यांच्या सह्यांच्या प्रती अशा साऱ्या फाइली खोडून झाल्या आहेत; चालू वर्षाचे काम मात्र अजून त्याच यंत्रावर आहे. खोडलेले कागद पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडू नयेत, म्हणून कारकून संध्याकाळी डिस्क स्वच्छ करणारे एक सॉफ्टवेअर सुरू करतो आणि घरी जातो. मध्यरात्री वीज जाते. सकाळी येऊन पाहावे, तो काल जेथे ४०० गिगाबाइट जागा मोकळी होती, तेथे आज काहीच शिल्लक नाही. चालू विवरणपत्रात दोन ओळी भराव्यात, तर तेही जतन होत नाही. केर काढावयास बोलावलेल्या माणसानेच घर अडवून बसावे, तसा हा प्रकार.

अशा वेळी पहिली शंका येते ती विषाणूची, आणि दुसरा विचार येतो तो सारी डिस्कच कोरी करून टाकण्याचा. वस्तुतः बहुधा यांपैकी एकाचीही आवश्यकता नसते. ही जागा कोठे गेली हे कळण्यासाठी ‘खोडणे’ आणि ‘पुसणे’ या दोन क्रियांतील भेद समजला पाहिजे.

संगणकात फाइल खोडली, म्हणजे ती प्रथम रिसायकल बिनमध्ये जाते, आणि ते रिकामे केले की दिसेनाशी होते. परंतु दिसेनाशी होणे म्हणजे नष्ट होणे नव्हे. कोणती फाइल डिस्कच्या कोणत्या भागात आहे, याची एक नोंदवही संगणक ठेवीत असतो. खोडताना या वहीतील नोंद तेवढी रद्द होते आणि तो भाग ‘मोकळा’ ठरतो. नगरपालिकेच्या दप्तरात घरावरचे नाव कमी केले, म्हणून घरातले सामान काही बाहेर पडत नाही. त्या जागी दुसरा मजकूर येऊन बसेपर्यंत जुना मजकूर तसाच राहू शकतो, आणि योग्य साधन हाती असलेला मनुष्य तो वाचूही शकतो.

म्हणूनच खऱ्या अर्थाने पुसावयाचे, तर त्या जागेवर दुसरे काहीतरी लिहावे लागते. मौज आहे ती येथेच. डिस्कवरील मोकळ्या जागेचे वाटप करण्याचा अधिकार संगणकाच्या मूळ व्यवस्थेकडे असतो. सामान्य सॉफ्टवेअरला त्या जागेत परस्पर शिरता येत नाही. तिला एखादी फाइल तयार करूनच जागा मागावी लागते. तेव्हा ती एक तात्पुरती फाइल उघडते, तीत निरर्थक अंक भरू लागते, आणि जागा संपेपर्यंत ती फाइल वाढवीत नेते. सारी मोकळी जागा अशी व्यापली गेली, म्हणजे जुन्या मजकुरावर नवा थर चढला. त्यानंतर ती फाइल खोडली जाते आणि जागा पुन्हा मोकळी होते. रिकाम्या घरात छतापर्यंत भुसा भरावा आणि मग तो काढून टाकावा, अशी ही रीत आहे.

यावरून सकाळच्या त्या कोड्याचा उलगडा होतो. भुसा भरला गेला, तो काढावयाचा राहिला. वीज गेली, कोणी कंटाळून खिडकी बंद केली अथवा सॉफ्टवेअर मध्येच कोसळले, तर अखेरची पायरी घडतच नाही, आणि ती अवाढव्य फाइल डिस्कवर बेवारस पडून राहते. विंडोजमध्ये ‘सायफर’ नावाची एक आज्ञा आहे; तिच्या एका प्रकाराने मोकळी जागा तीन फेऱ्यांत पुसली जाते. पहिल्या फेरीत शून्ये, दुसरीत २५५ हा अंक आणि तिसरीत यादृच्छिक अंक लिहिले जातात. त्यासाठी डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर ‘ईएफएसटीएमपीडब्ल्यूपी’ अशा आठ इंग्रजी अक्षरांच्या नावाचा एक फोल्डर तयार होतो. काम पुरे झाले की तो नाहीसा होतो. मध्येच थांबले तर मागे राहू शकतो.

उपाय साधा आहे, पण तो क्रमाने करावयास हवा. ते सॉफ्टवेअर अजून चालू नाही ना, याची प्रथम खात्री करावी. चालू असेल तर जागा भरलेली दिसणे स्वाभाविकच आहे. नसेल तर संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. नंतर लपविलेल्या फाइली दिसतील अशी योजना करून डिस्कची वरची पातळी आणि तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर तपासावा. जी फाइल वा जो फोल्डर नाहीशा झालेल्या जागेएवढा मोठा आहे आणि ज्याची तारीख त्याच रात्रीची आहे, तोच बहुधा अपराधी होय. तो खोडावा आणि रिसायकल बिनही रिकामे करावे. एवढ्याने जागा परतली नाही, तर विंडोजमधील ‘चेकडिस्क’ या साधनाने डिस्कची नोंदवही तपासून घ्यावी. केवळ आकार मोठा आहे म्हणून अनोळखी फाइलीला हात लावू नये. ‘पेजफाइल’सारख्या काही मोठ्या फाइली संगणकाच्या स्वतःच्या कामाच्या असतात. आणि डिस्क कोरी करण्याची घाई तर मुळीच करू नये. जागेबरोबर चालू वर्षाचे कामही जाईल, आणि ते भुशासारखे पुन्हा भरता येणार नाही.

पुसण्याचे काम चालू असतानाही सावधगिरी हवी. शेवटच्या टप्प्यात डिस्क काठोकाठ भरते. त्या वेळी दुसऱ्या सॉफ्टवेअरना आपला मजकूर जतन करता येत नाही. म्हणून चालू कागदांची प्रत आधीच अन्यत्र ठेवावी, आणि त्या अवधीत त्या यंत्रावर दुसरे काम करू नये.

आता फेऱ्यांचा प्रश्न. पीटर गुटमन या संशोधकाने १९९६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातून ३५ फेऱ्यांची पद्धत रूढ झाली. त्या फेऱ्या त्या काळातील निरनिराळ्या जातींच्या डिस्कांसाठी योजल्या होत्या, आणि आधुनिक डिस्कला त्या साऱ्यांची गरज नाही, असे पुढे गुटमन यांनीच स्पष्ट केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत चुंबकीय डिस्कसाठी साधारणतः एकच फेरी पुरेशी मानली आहे. हिशेबही बोलका आहे. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने ४०० गिगाबाइट लिहावयास सुमारे ६७ मिनिटे लागतात; ३५ फेऱ्यांना जवळजवळ ३९ तास लागतील. काम जितके लांबेल, तितका ते अर्ध्यावर तुटण्याचा संभव वाढतो.

ज्यांत फिरती तबकडी नसते त्या एसएसडी डिस्कांची गोष्ट तर निराळीच आहे. तेथे नवा मजकूर जुन्याच ठिकाणी लिहिला जाईल याची शाश्वती नसते. डिस्कमधील नियंत्रक झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून लेखनाची जागा बदलीत राहतो, आणि काही राखीव भाग तर बाहेरून दिसतही नाही. मोकळी जागा भरून काढण्याच्या या खटाटोपाने झीज निश्चित होते, पण पुसले जाण्याची खात्री मिळत नाही. याच अडचणीमुळे ॲपलने २०१५ मध्ये आपल्या संगणकांतील कचरापेटी सुरक्षितपणे रिकामी करण्याची सोय काढून टाकली. अशा डिस्कसाठी आरंभापासूनच मजकूर कूटबद्ध ठेवणे आणि यंत्र दुसऱ्याच्या हाती देताना निर्मात्याने दिलेल्या संपूर्ण पुसण्याच्या आज्ञेचा उपयोग करणे, हाच श्रेयस्कर मार्ग होय.

दुसऱ्यांचे कागद ज्याच्या विश्वासावर ठेवलेले असतात, त्याने ते नीट पुसावेत हे त्याचे कर्तव्यच आहे. मात्र संगणकात पुसणे हेही एक लिहिणेच असते. त्याला जागा लागते, वेळ लागतो, आणि अखेरपर्यंत न तुटणारी वीज लागते. एवढे ध्यानात ठेवून रात्रीऐवजी दिवसा, देखरेखीखाली, एकाच फेरीत काम उरकले, तर अशिलांची गुपिते सुरक्षित राहतील आणि सकाळी कार्यालयाचे दार उघडणाऱ्याला आपली जागाही जेथल्या तेथे सापडेल.