निखाऱ्यावरचे मांस आणि आपले हृदय

गेल्या आठवड्यात ३८ वर्षांचा एक तरुण आईबरोबर दवाखान्यात आला. नोकरीनिमित्त तो ब्राझीलमध्ये साओ पावलोला असतो. हातातल्या रिपोर्टात एल.डी.एल. कोलेस्टेरॉल १६८. त्याचे वडील ५२ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्या रात्री मीच त्यांच्या घरी गेलो होतो.

"डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगा याला. तिकडे दर रविवारी शेगडीवर मांस भाजून खातात," आई म्हणाल्या. "पिकान्या म्हणतात त्याला," मुलगा म्हणाला. "नको म्हटलं तर मित्रांना वाईट वाटतं. पूर्ण बंद करू का?"

पिकान्या म्हणजे गोमांसातला पुठ्ठ्यावरचा तिकोनी तुकडा, साधारण एक-सव्वा किलोचा. ब्राझीलमध्ये भाजण्यासाठी याला मोठा मान. जाडे मीठ लावायचे, काप वाकवून सळईत ओवायचे आणि निखाऱ्यावर धरायचे. चवीचे मर्म वरच्या चरबीच्या जाड थरात. हृदयाला धोकाही तिथेच, कारण या संपृक्त चरबीने एल.डी.एल. वाढते.

दुसरा धोका धुराचा. चरबी निखाऱ्यावर ठिबकली की धूर उठतो आणि त्यातली घातक रसायने मांसावर बसतात. करपलेल्या भागातही तशीच द्रव्ये तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली लाल मांसाला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटले. आपले बोकडाचे मटणही लाल मांसातच मोडते, हे खवय्यांनी विसरू नये.

मात्र मांसात उत्तम प्रथिने, लोह आणि बी-१२ जीवनसत्त्व असते, हेही खरे. म्हणून मी त्याला 'बंद' म्हटले नाही. चार गोष्टी सांगितल्या. पिकान्याची बरीचशी चरबी वरच्या थरात असते, ती ताटात सुरीने सहज काढता येते. ती खाऊ नये. ज्वाळा लागू न देता सळई उंच धरावी, करपलेले टाकून द्यावे. दर रविवारऐवजी महिन्यातून एकदा, तेही तीन-चार काप. आणि पोट भरावे ते तिथल्याच भात-घेवड्याने व कोशिंबिरीने. ब्राझीलचे रोजचे जेवण तेच आहे.

"पण एवढ्यावर भागणार नाही," मी म्हणालो. वडिलांना इतक्या लवकर झटका आला असेल, तर मुलाने केवळ पथ्यावर विसंबू नये. रक्तदाब, साखर आणि पुन्हा एकदा कोलेस्टेरॉल तपासून गोळीचा निर्णय घ्यायचे ठरले.

जाताना आईंनी विचारले, "धाकट्याचंही रक्त तपासू का? तो तर इथंच असतो, वरणभात खातो." मी म्हटले, "जरूर. वारसा ताटाकडे बघून येत नाही."

वाचकहो, आपल्या घरात कुणी पुरुष पंचावन्नच्या किंवा स्त्री पासष्टच्या आत हृदयविकाराने गेली असेल, तर हाच प्रश्न आपणही आपल्या डॉक्टरांना विचारा.