निळा दिवा आणि सिमेंटमधलं फ्लोराइड

दाढेत सिमेंट भरलं की डॉक्टर निळ्या प्रकाशाची बंदूक धरतात. पाव मिनिटात, फार तर अर्ध्या मिनिटात, सगळं टणक! ‘मग फ्लोराइड आतच अडकलं की,’ अशी शंका काही पेशंटना येते. दिव्याशिवाय आपोआप आवळणारं सिमेंटच बरं, असं मग ठरवून टाकलं जातं.

मुळात फ्लोराइड सुटतं कसं? ग्लास आयोनोमर हे सिमेंट १९७०च्या आसपास लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी घडवलं. पावडर म्हणजे फ्लोराइडयुक्त काचेची पूड, द्रवात पॉलिॲक्रिलिक आम्ल. आम्ल काचेचे कण वरून खातं, त्यातून सुटलेले कॅल्शियम-ॲल्युमिनियमचे आयन आम्लाच्या साखळ्या बांधतात आणि लगदा घट्ट होतो. फ्लोराइडही तेव्हाच मोकळं होतं, पण या बांधणीचा भार त्याच्यावर नसतो. त्यामुळे ‘फ्लोराइड झिरपून दाढ आतून पोकळ होते’ ही भीतीही बिनबुडाची.

आता दिवा. रेझिन मिसळलेल्या ग्लास आयोनोमरमध्ये प्रकाशाने फक्त रेझिन जुळतं. आम्ल आणि काचेचं काम मागाहून चालूच राहतं. म्हणून त्यातून सुटणारं फ्लोराइड साध्या ग्लास आयोनोमरच्या जवळपास जातं. कॉम्पोमरची, म्हणजे ग्लास आयोनोमर आणि रेझिनचं कॉम्पोझिट यांच्या संकराची, गोष्ट वेगळी: त्यात पाणीच नसतं, लाळेतलं पाणी मुरल्यावर आम्ल जागं होतं, तेही मंदपणे. साहजिकच फ्लोराइड बरंच कमी. नेहमीच्या कॉम्पोझिटमधून तर जवळजवळ नाहीच. दिवा तिघांवरही तोच!

‘जितकं जास्त सुटेल तितकं उत्तम’ हा समज मात्र महागात पडू शकतो. कागदी पॅडवर पावडर कमी घेऊन पातळ कालवलेलं सिमेंट फ्लोराइड जास्त सोडतं, पण लवकर झिजतं. घोटताना लगद्याची चमक गेली, तर दाताला नीट चिकटतही नाही. भरल्यावर वरून व्हार्निश लावतात, त्याने सुरुवातीचं फ्लोराइड थोडं अडतं. तरी कोवळ्या सिमेंटला पाण्यापासून वाचवायला ते हवंच.

सर्वाधिक फ्लोराइड पहिल्या एक-दोन दिवसांत सुटतं, मग ओघ उतरतो आणि बारीक धार पुढे वर्षानुवर्षं राहते. टूथपेस्टमधलं फ्लोराइड हे सिमेंट काही प्रमाणात शोषून पुन्हा सोडतं. तेव्हा दाढ भरून घेताना मटेरियल कोणतं ते विचारा आणि फ्लोराइडची पेस्ट सोडू नका.