मूल कुणाकडे राहणार?



गटाच्या बैठकीत आम्हाला हा प्रश्न हटकून ऐकायला मिळतो, "नवऱ्याचं घर सोडलं तर पोरं माझ्याकडे राहतील का?" लगेच कुणीतरी म्हणतंच, "पोरं बापाची, नाव त्याचं लागतं ना!" या एका वाक्याच्या धाकानं कितीतरी जणी मार खात तिथंच राहतात. काही जणी एकट्याच माहेरी येतात नि पोरांसाठी झुरतात.

कायद्यात पालकत्व वेगळं आणि ताबा वेगळा. मुलाच्या वतीनं सही करणं, त्याच्या मालमत्तेचं बघणं हे पालकत्व. मूल रोज कुणाकडे जेवतं-झोपतं, तो ताबा.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असं लिहिलंय. मग बाप वारल्यावरच आईचा नंबर का? विदर्भातल्या एका शेतजमिनीचा खटला यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो जिजाबाई गजरे खटला म्हणून ओळखला जातो. जमीन अल्पवयीन मुलीची. आईबाप वीस वर्षांहून जास्त काळ वेगळे, आणि मुलीचं नि जमिनीचं सगळं आईच बघत होती. १९७० साली न्यायालयानं सांगितलं, बाप जिवंत असला तरी लक्षच घालत नसेल तर आईच पालक. पुढं लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं घ्यायच्या रोख्यांवर केलेली सही रिझर्व्ह बँकेनं मानली नाही. १९९९ च्या त्या निकालात 'त्यांच्यानंतर'चा अर्थ 'वडिलांच्या अनुपस्थितीत' असा लावला गेला.

ताब्याचा निर्णय करताना न्यायालय एकच गोष्ट सगळ्यांत वर ठेवतं, मुलाचं हित. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडेच राहावं, असं हाच कायदा सांगतो. इतर धर्मांतल्या बहिणींना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली दाद मागता येते, तिथंही मुलाचं हित बघतातच. बापाचा पगार जास्त, एवढ्यावर ताबा मिळत नाही. खर्च त्यानं द्यायचाच असतो, मूल आईकडे असलं तरी. मूल जाणतं असेल तर न्यायाधीश त्याला आपल्या दालनात बोलावून विचारतात. तेव्हा कृपा करून लेकराला पढवून नेऊ नका. ते लगेच कळतं, आणि लेकराचे हाल होतात ते वेगळेच.

गावच्या बैठकीत स्टॅम्प पेपरवर 'मुलांवर माझा हक्क नाही' असं लिहून घेतात. तसा कागद न्यायालयाचे हात बांधत नाही. तरीही अंगठा देऊ नका, पुढं त्याचाच खुळखुळा वाजवतात. आणि उशीर करू नका. मूल दोन-तीन वर्षं दुसऱ्या घरी, दुसऱ्या शाळेत रुळलं की त्याला तिथून हलवायला न्यायालय कचरतं.

अर्ज मूल राहतं त्या भागातल्या कौटुंबिक न्यायालयात करायचा, ते नसेल तर जिल्हा न्यायालयात. घरात मारहाण असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेटही तात्पुरता ताबा देऊ शकतात. ज्याला ताबा मिळत नाही त्याला बहुधा भेटीचे दिवस ठरवून देतात. परिस्थिती बदलली तर हा हुकूमही बदलून मागता येतो.

वकिलाच्या फीचं म्हणाल, तर बाईला सरकारी वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा. जाताना मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि लसीकरणाचं कार्ड बरोबर असू द्या. मुलाचं आजवर कुणी केलं, ते त्या कार्डावरूनही दिसतं.