सेलेरॉन ३००ए : ३०० वरून थेट ४५० मेगाहर्ट्झ!

१९९८ साली आलेला इंटेलचा हा स्वस्त प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंगवाल्यांचा आजही लाडका आहे. मल्टिप्लायर ४.५ वर लॉक, त्यामुळे वाढवायची ती बसच. ६६ ची बस १०० मेगाहर्ट्झवर नेली की ४.५ × १०० = ४५०!

गंमत म्हणजे ४४०बीएक्स चिपसेटवर ८३ पेक्षा १०० ची बस जास्त सुरक्षित. १०० ला पीसीआयचा वेग एक तृतीयांश, म्हणजे नेहमीचाच ३३. ८३ ला मात्र तो बहुतेक बोर्डांवर निम्मा, म्हणजे ४१ च्या वर जातो आणि हार्ड डिस्कवरचा डेटा धोक्यात येतो.

रॅम पीसी१०० च हवी. ती सीएल३ ऐवजी सीएल२ वर टिकली, तर ३० नॅनोसेकंदांची कॅस लेटन्सी २० वर येते. एका वेळी एकच सेटिंग बदला, मेमटेस्ट चालवा, मगच पुढे जा.